पहिल्यांच्या गाडीतला माझा पंप

३ मार्च, रविवार

"तो असता तर एव्हाना बॉनेट उघडून बसला असता," ती म्हणाली. भर चौकात गाडी बंद पडलेली, मागे हॉर्नचा कल्ला, मी घामाघूम, आणि बाईसाहेबांना आठवण कुणाची झाली, तर त्याची. मी घरी येऊन ही वही काढली.

तो म्हणजे तिचा पहिला नवरा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, आमच्या लग्नाला दीड. मी त्याला फोटोशिवाय कधी पाहिलेलं नाही. या वहीत मी त्यांना 'पहिले' म्हणणार आहे. गेलेल्या माणसाबद्दल मनातलं लिहायचं तर निदान आदरार्थी लिहावं. ती मात्र त्यांना 'तो' म्हणते आणि मला 'अहो, तुम्ही'. हे मला खुपतं, पण तिला कधी बोलून दाखवलेलं नाही.

गाडी पहिल्यांची. गडद हिरवी, दोनच दारं, आठ सिलिंडरचं इंजिन, आणि नाक एवढं लांब की वळणावर आधी नाक पोचतं, मग आपण. वय माझ्याइतकंच, पण हिला बघायला लोक थांबतात. घर तिचं आहे, म्हणजे त्या दोघांचं होतं. गॅरेजचं दार स्वयंपाकघरात उघडतं. माझी छोटी गाडी बाहेर रस्त्यावर ऊन खात उभी असते, कारण गॅरेजमध्ये पहिले राहतात.

गाडीचं दुखणं जुनं आहे. सकाळी शहाण्यासारखी सुरू होते, अर्धा तास चालली की गुदमरते आणि बंद पडते. थंड झाली की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. पहिल्यांनी म्हणे शेवटची दोन वर्षं यावरच काढली आणि त्यांना जमलं नाही. जमलं नाही! हे आठवून मला संध्याकाळी जरा बरं वाटलं.

५ मार्च, मंगळवार

भाऊजी आले होते. म्हणजे पहिल्यांचे धाकटे भाऊ, तिचे दीर. माझे ते कोण, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. तिला 'वहिनी' म्हणतात, मला 'अहो, ऐका'. माझ्यापेक्षा लहान आहेत, 'दादा' म्हणायला हरकत नव्हती, पण त्यांचा दादा एकच, तो गेला.

बॉनेटमध्ये डोकं घालून ते म्हणाले, "हा इंजिनला चिकटलेला जुना पंप आहे ना, हा तापतो. त्याला पार मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणायचं असतं. ओढता ओढता पेट्रोल गरम होऊन त्याची वाफ होते. वाफ काय ओढणार तो? विजेचा पंप लावा. मागे चेसिसला बाहेरून बसतो, एका दुपारचं काम. दादा तेच करणार होता."

दादा तेच करणार होता! झालं. म्हणजे बाहेरून पंप लावायचा नाही, हे माझं तिथल्या तिथे ठरलं.

पंपांच्या बाबतीत मला कुणी शिकवायची गरज नाही. शहराच्या मोठ्या जलतरण तलावाची सगळी यंत्रं माझ्या ताब्यात आहेत. तिची माझी गाठ पडली ती तिथेच. पाण्याला भिणारी बाई, चाळिशी उलटल्यावर पोहायला शिकायला आली. रविवारी तलाव लोकांना बंद असतो, तेव्हा मी तिला शिकवायचो. उथळ पाण्यात आता छान हात मारते. खोल भागाची दोरी आली की मात्र काठ धरते.

जाताना भाऊजींना ती म्हणाली, "गाडी नीट झाली की घेऊन जा ना तुम्ही. कधीची सांगतेय." अगदी सपाट आवाजात म्हणाली. मला कळायचं ते कळलं. ज्या वस्तूत जीव अडकलेला असतो ती डोळ्यांसमोर नको होते माणसाला.

द्यायची तर देऊ. पण आधी मी ती नीट करणार. पहिल्यांना जे साधलं नाही ते मी करून दाखवणार, आणि मग बघू ती कुणाचं नाव घेते.

९ मार्च, शनिवार

सुट्या भागांच्या दुकानात गेलो. काउंटरवाला पोट टेकवून निवांत उभा असतो, घाई हा शब्द त्याने ऐकलेला नाही.

"टाकीच्या आत बसणारा विजेचा पंप दाखवा," मी म्हटलं. "सगळ्यात मोठा."

"कशासाठी?"

"गाडीसाठी."

"ते कळलं हो. कार्बोरेटर आहे की इंजेक्शन?"

"कार्बोरेटर."

"मग मोठा घेऊन काय त्याची पूजा करणार? इंजेक्शनला साठ पौंड दाब लागतो. कार्बोरेटरला सहा, फार तर सात. जास्त दिलात तर आतली सुई उचलली जाते आणि पेट्रोल तापल्या इंजिनावर सांडतं. टाकी किती खोल आहे तुमची?"

माहीत नव्हतं.

"टाकीत आडवे पत्रे आहेत का? वळणावर पेट्रोल एका कुशीला पळू नये म्हणून असतात."

तेही माहीत नव्हतं.

"इंजिन मूळचंच आहे की ताकद वाढवलेली?"

"पहिल्यांनी वाढवली आहे," मी बोलून गेलो.

"पहिले कोण?"

"आधीचे मालक."

मी त्याला सांगितलं की तलावावर मी तासाला लाखभर लिटर पाणी फिरवतो. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. म्हणाला, इथे तासाला दीडशे लिटर पुष्कळ झाले. मग मात्र त्याने नीट समजावून दिलं. बाहेर लावलेला पंप किंचाळतो आणि त्याला ओढायचं काम धड जमत नाही. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून बसतो म्हणून थंड राहतो, आवाज करत नाही, आणि ओढण्याऐवजी मागून ढकलतो, त्यामुळे वाफ होण्याची भानगड मिटते. फक्त टाकी उतरवावी लागते आणि तिच्या वरच्या अंगाला भोक पाडावं लागतं. "ते घरी करत बसू नका," तो म्हणाला, "पेट्रोलची टाकी आहे, उडून जाल. टाक्या वाफेने धुऊन कापून देणारा एक जण आहे, त्याच्याकडे द्या."

परत येताना मी खूश होतो. बाहेर लावलेला पंप कुणीही चार बोल्ट सोडून फेकून देईल. हा आत बसणार. त्यांच्या गाडीच्या पोटात माझा पंप! काढायचा म्हटला तरी टाकी उतरवल्याशिवाय कुणाच्या बापाला निघणार नाही.

१० मार्च, रविवार

सकाळी ती पोहण्याची पिशवी घेऊन तयार. "जायचं ना?" मी गाडीखाली पट्टी घेऊन टाकीची खोली मोजत होतो. म्हटलं, आजच्या दिवस तू जा, शिट्टीवाला आहे तिथे. शिट्टीवाला म्हणजे आमचा जीवरक्षक. पोरगेलासा, सरळ माणूस आहे. जेवतानासुद्धा शिट्टी गळ्यातून काढत नाही. तो बुडू देणार नाही तिला.

ती थोडा वेळ उभी राहिली. गाडीखालून मला तिच्या चपला दिसत होत्या. मग गेली.

दुपारी तिला दोन पंपांची चित्रं दाखवली. दोन्ही कार्बोरेटरच्या दाबाचे, दोन्ही टाकीत बसणारे. एकाची दांडी कापून टाकीच्या खोलीइतकी करायची, दुसऱ्याला स्प्रिंग आहे, तो आपोआप टाकीच्या तळाला टेकून राहतो. तिने चित्रांकडे धड पाहिलंसुद्धा नाही. "ज्याचा आवाज येत नाही तो घ्या," म्हणाली.

ती आणीबाणीच्या मदतकक्षात फोन घेते. दिवसभर लोकांची रडारड ऐकून येते, घरी तिला शांतता लागते हे खरं. पण मला दुसरंच वाटलं. त्यांच्या इंजिनाचा आवाज आहे तसा ऐकू यावा, मध्ये माझ्या पंपाची घरघर नको, हेच असणार. स्प्रिंगवाला सांगून टाकला.

१७ मार्च, रविवार

टाकी उतरवली. पट्ट्यांचे नट गंजून दगड झाले होते. प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका. काउंटरवाल्याला विचारलं तर म्हणाला, पक्के आवळून झालेले नट ओळखू यावेत म्हणून नीटस कामाची माणसं अशी खूण करतात. नीटस! मी सगळे ठिपके तारेच्या ब्रशने खरवडून काढले. कामाला त्याची गरज नव्हती. दंड भरून आले, पण काढले.

मध्येच ती आली होती. काल तिला कुणा म्हाताऱ्याचा फोन आला होता, बायको जिन्यात पडली म्हणून. मदत पोचेपर्यंत तिने त्याला बोलतं ठेवलं, तर तो त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगत बसला. बरंच काही सांगत होती. माझ्या तोंडात नट होता, मी "हं" म्हटलं. दोनदा म्हटलं. नंतर लक्षात आलं की ती कधीच आत निघून गेली होती. म्हाताऱ्याच्या बायकोचं पुढे काय झालं कुणास ठाऊक.

इंजिनाचा जुना पंप पण काढला. भोकावर पत्र्याची चकती बसवली. "हा त्याचा पंप," मी तो तिच्यासमोर धरून म्हटलं, "काय करू?" "फेका," ती म्हणाली. किती कोरडा आवाज! माणूस आतून तुटला की असाच बोलतो.

२० मार्च, बुधवार

तलावावर शिट्टीवाला आपणहून म्हणाला, "मॅडम मस्त करताहेत. दोरीच्या पलीकडे दोन हात गेल्या होत्या. रविवारी बघायला या तुम्ही."

"हो हो," मी म्हटलं आणि त्याला विचारलं की गोदामातल्या पेट्रोलला चालणाऱ्या नळ्या कुठे ठेवल्यात. सापडल्या नाहीत. विकतच आणाव्या लागल्या.

२४ मार्च, रविवार

टाकी धुऊन, कापून आली. पंप बसवला. पाच मिनिटांचं काम मी तीन वेळा काढून पुन्हा केलं, इतकं छान बसत होतं. वायर जाड घेतली, थेट बॅटरीपासून, मध्ये रिले, म्हणजे पंपाची वीज जोडणारी-तोडणारी डबी. इंजिन बंद पडलं तर पंप आपोआप बंद करणारा स्विचही घातला. अपघातात पंप पेट्रोल ओकत राहू नये म्हणून तो लागतोच, असं काउंटरवाल्याने बजावलं होतं.

आता वासाचं. कधीपासून ती म्हणत होती, स्वयंपाकघरात पेट्रोलचा वास येतो, डोकं दुखतं. डोकं दुखतं! हा वास म्हणजे पहिल्यांचा वास. त्यांच्या कपड्यांना, हातांना हाच येत असणार. भिंतीआड उभ्या असलेल्या गाडीतून तो रोज तिच्या जेवणात येऊन बसतो आणि मी समोर बसून भात खातो. ते काही नाही. हा वास बंद करायचा.

टाकीच्या जुन्या झाकणाला बारीक भोक होतं. ते झाकण फेकलं, नवं घट्ट बसणारं कुलपाचं आणलं. टाकीवर एक बारकी नळी निघाली होती, तिला रबरी बूच मारून वर क्लिप आवळली. नव्या पंपाच्या चकतीवर तसंच एक तोंड होतं, तेही बंद केलं. पंपाबरोबर आलेल्या पत्रकात त्याच्याबद्दल काहीतरी छापलं होतं, अगदी बारीक अक्षरात. पण पंपाबद्दल मला कागद काय शिकवणार? पंपाच्या लाइनीत हवा शिरली की पंप मेला, हे मी इतकी वर्षं नव्या माणसांच्या डोक्यात घालतोय. हवेला कुठूनही वाट ठेवली नाही.

रात्रीचं जेवण करताना तिने विचारलं, "वास गेला का हो? खरंच गेला." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. समोर कांदा चिरलेला होता, पण मी काही दूधखुळा नाही.

३१ मार्च, रविवार

सुरू झाली! किल्ली अर्धी फिरवली, मागे टाकीत हलकीशी गुणगुण, दोन सेकंदांत दाब आला. पूर्ण फिरवली तर एका झटक्यात आठही सिलिंडर. गॅरेजमधल्या फळीवरचे डबे वाजायला लागले. मी एकटाच हसत होतो.

तेवढ्यात ती तलावावरून आली. केस ओले, तोंड लालबुंद, धावत आल्यासारखी. "अहो, ऐका ना, आज काय झालं..."

"थांब, आधी तू हे ऐक," मी म्हटलं. बंद करून पुन्हा सुरू करून दाखवली. मग आणखी एकदा. तिने ऐकलं. "छान," म्हणाली. मग आत गेली आणि मी बघतोय तर स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली, कडीसकट.

इतका त्रास होतो तिला त्या आवाजाचा. सहा वर्षं झाली माणसाला जाऊन. मी उद्या गेलो तर माझ्या तलावाच्या पंपाचा आवाज ऐकून ही खिडकी लावेल का? मला नाही वाटत.

दहा-बारा मिनिटं गाडी जागच्या जागी चालू ठेवली. सगळं ठीक. पुढच्या रविवारी तिला घेऊन लांब जाणार, भर उन्हात, मुद्दाम.

७ एप्रिल, रविवार

जे झालं ते सगळं लिहितो.

टाकी गळ्यापर्यंत भरली. ती यायला फारशी राजी नव्हती, पण आली. सुरुवातीला गाडी अशी पळाली की मी पुन्हा पुन्हा तिच्याकडे बघत होतो. अर्धा तास झाला, काही नाही. त्याच्यापुढेही गेली. "बघ," मी म्हटलं, "इथवर तो कधी आला होता का?" ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

चढावर टाकीतून पंप रडल्यासारखा आवाज करू लागला. मग इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद. सावलीसाठी एक झाड नाही. ती उतरून रस्त्याकडेच्या बुटक्या भिंतीवर बसली. मी फ्यूज बघितला, रिले बघितला, वायरी हलवल्या. सगळं जागच्या जागी. मनात म्हटलं, पहिले कुठेतरी बसून हसत असतील.

आणि मी तिला विचारलं, "त्याच्या वेळीही असंच उन्हात बसायला लागायचं का गं?"

"माझ्याबद्दल विचारा ना काहीतरी," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दीड वर्षात मला माझ्याबद्दल किती वेळा विचारलंत? आणि त्याच्याबद्दल किती?"

"मी? सारखं त्याचं नाव तू काढतेस."

"मी कधी काढते? तुम्ही विचारता, मी उत्तर देते. तो चहा कसा घ्यायचा. तो इथून कुठून वळायचा. त्याला हा शर्ट झाला असता का. मला त्याचा आवाजसुद्धा आता नीट आठवत नाही हो. विसरत आले होते मी. तुम्ही रोज उठून त्याला घरात आणून बसवता."

मी चौकातलं काढलं. म्हटलं, तूच म्हणालीस, तो असता तर बॉनेट उघडून बसला असता.

"म्हणाले. आणि मी ताटकळत बसले असते, हे पुढचं तुम्ही विचारलं नाहीत. सबंध संसारात मी त्याच्या बुटांशी बोलले. गाडीखालून बाहेर आलेले दोन बूट. तुम्ही भेटलात तेव्हा वाटलं, हा माणूस समोर उभा राहतो, तोंडाकडे बघून बोलतो. आता तुमच्या चपलांशी बोलते. त्याला निदान गाडी आवडायची. तुम्हाला तर तीही आवडत नाही."

माझ्या हातात रिले होता. तो कुठे ठेवावा कळेना.

"मागच्या रविवारी मी खोल पाणी ओलांडलं," ती म्हणाली. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. काठाला हात लागला आणि मी वळून तुम्हाला शोधलं. तो शिट्टीवाला बिचारा टाळ्या वाजवत होता. घरी पळत आले सांगायला."

ओले केस, लाल तोंड, "अहो, ऐका ना". आणि मी किल्ली फिरवत बसलो होतो.

शेवटी भाऊजींना फोन केला. ज्या माणसाला विचारायचं नाही म्हणून हा सगळा खटाटोप केला, त्यालाच. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "टाकीत हवा कुठून जाते?"

"कुठूनच नाही," मी अभिमानाने सांगितलं.

"अहो, ऐका! पेट्रोल बाहेर गेलं की त्याच्या जागी हवा नको का आत यायला? झाकण उघडा आधी."

कुलूप काढून झाकण फिरवलं तर टाकीने असा लांबलचक श्वास ओढला की ती भिंतीवरून उठून उभी राहिली. पाठोपाठ खाली पत्रा टणकन वाजला. आत चेपलेली टाकी पुन्हा जागेवर आली होती. गाडी लगेच सुरू झाली. झाकणाच्या जागी फडकं कोंबून परत आलो. सगळ्या वाटेत पेट्रोलचा वास येत होता.

८ एप्रिल, सोमवार

पत्रक वाचलं. 'हे तोंड कधीही बंद करू नये', असं बारीक अक्षरात का होईना, पण स्वच्छ छापलं आहे. वीस वर्षं मी उघड्या पाण्यावर काम केलं, बंद टाकीचा विचार करायची वेळच कधी आली नव्हती. बुचं काढली. त्या तोंडाला लांब नळी जोडून गाडी उभी असताना ती गॅरेजच्या बाहेर सोडायची सोय केली, म्हणजे वासही आत येणार नाही. आधीच करता आलं असतं.

शिट्टीवाल्याचा हेवा करून बघितला. जमेना. त्याने मला चक्क तोंडावर सांगितलं होतं, बघायला या. मीच "हो हो" म्हटलं. फार लाज वाटली. जिवंत माणूस माझ्या बायकोला हात धरून खोल पाण्यातून नेत होता आणि मी गेलेल्या माणसाच्या नटांवरचे ठिपके खरवडत होतो.

संध्याकाळी तिला विचारलं, त्या म्हाताऱ्याच्या बायकोचं पुढे काय झालं. तिने आधी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. मग सांगितलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, आता बरी आहे, म्हाताऱ्याने आभार मानायला पुन्हा फोन केला, आणि तो फोन आणीबाणीच्या नंबरावर केला म्हणून तिच्या साहेबांनी त्याला झापलं. आम्ही दोघं हसलो. ती बोलत असताना मध्येच माझ्या डोक्यात आलं, पहिल्यांनी कधी असं विचारलं असेल का? तोंडातून बाहेर पडू दिलं नाही. पण आलं.

१४ एप्रिल, रविवार

सकाळी तलावावर गेलो, दोघं. तिने खोल पाणी ओलांडलं. मी दुसऱ्या काठावर उभा होतो. तिच्याबद्दल एवढंच लिहितो, बाकीचं माझ्याकडेच राहू दे.

दुपारी भाऊजी गाडी न्यायला आले. नेण्याआधी एक फेरी मारून येतो म्हणाले आणि भर उन्हात तासभर गायब झाले. परत आले ते हसतच. दार आपटून माझ्याकडे आले आणि माझा हात हातात घेतला.

"एकदासुद्धा गुदमरली नाही हो! चढावर तर अशी गेली! काय पंप निवडलात. खरं सांगू? दादाला हे जन्मात जमलं नसतं."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी दीड महिना टाकीखाली घातला. ती दारात उभी होती. तिने भाऊजींकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर तेव्हा काय होतं ते मला आरशाशिवाय माहीत आहे. लपवायचं म्हटलं तरी लपलं नसतं. ती आत गेली.

मी भाऊजींना टाकीच्या झाकणाची किल्ली दिली आणि गाडी निघायची वाट न बघता तिच्या मागोमाग गेलो. ती टेबलाशी बसली होती.

"ऐकलंत ना, जे ऐकायचं होतं?"

"ऐकलं."

"झालं समाधान?"

"झालं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"मग आता आपण दोघंच राहू या का या घरात?"

मी "हो" म्हटलं आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. बाहेर भाऊजींनी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. मी तिकडे कान दिला नाही, असं इथे लिहायला मला फार आवडलं असतं.